माहेरची तीनशे रोपं

"माशी बसली आसंल," हे म्हणाले.

"माशी बसून उडून जाती. डाग ठिवून जात न्हाई."

"मग हगली आसंल. माशीला काय जाग्याचा तोटा हाय?"

खंडेनवमीची सकाळ होती. बाहेर आमचे हे विळे, कुदळी, छाटणीच्या कात्र्या धुऊन पोत्यावर ओळीनं मांडत होते. दुपारी त्यांना हळदकुंकू लावायचं होतं. मी शेडनेटच्या आत उकिडवी बसून डाळिंबाच्या रोपाचं एक पान उन्हाकडे धरलं होतं. पानावर तिळाएवढा ठिपका होता. नुसतं बघितलं तर लक्षातही यायचा नाही. उन्हाकडे धरलं की तेवढीच जागा आरपार दिसायची, भजी ठेवलेल्या कागदासारखी तेलकट.

"अवो, तेल्या हाय," मी म्हणाले.

यांच्या हातातली कात्री हातातच राहिली. आमच्या सांगोल्याच्या बाजूला हा शब्द सणासुदीला कुणी तोंडातून काढत नाही.

तेल्या म्हणजे जिवाणू. डोळ्यांना दिसत नाही. पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, कात्रीच्या पात्यावर बसून या झाडावरून त्या झाडावर जातो, माणसाच्या हातावरूनही जातो. आधी पानावर ठिपका, मग फांदीच्या पेरात काळा चट्टा, आणि फळ रंगावर आलं की त्यावर डाग पडून ते तडकतं. बरं करणारं औषध नाही. पाच वर्षांपूर्वी आमची स्वतःची दोन एकर बाग आम्ही जेसीबी लावून उपटली होती. त्यानंतर मी विहिरीपलीकडे चाळीस झाडं निवडून, पारखून लावली आणि त्यांच्यावर गुटी बांधून रोपं करायला लागले. गुटी म्हणजे चांगल्या फांदीची बोटभर साल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचं, आणि महिना-सव्वा महिन्यानं मुळ्या फुटल्या की फांदी उतरवून पिशवीत लावायची. आईझाड जसं तसं रोप. रोपाबरोबर गुण जातात, तसे रोगही जातात.

हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून, सोलापूरच्या केंद्रातल्या साहेबांना प्रश्न विचारून विचारून भंडावून, आणि बरीचशी रोपं स्वतःच्या हातानं मारून शिकले. माझ्या रोपवाटिकेत यायचं तर चपला बाहेर काढायच्या, हात औषधाच्या बादलीत बुडवायचे, कात्री बुडवायची. वस्तीवर मला 'सोवळ्याची शालन' म्हणायचे. म्हणोत. देवघरात एवढं सोवळं मी कधी पाळलं नाही.

त्या शेडनेटमधली तीनशे रोपं वैजूची होती. वैजयंता माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि सासूबाई त्याच वर्षी गेल्या. तिच्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, तिच्या लग्नात आईच्या जागी उभी राहून रडलेही मीच. तिला दिलं जतकडच्या एका कोरड्या गावात. तिच्या घरच्यांनी माळ फोडून पहिल्यांदाच डाळिंब लावायचं ठरवलं होतं. त्या गावाच्या आसपास दहा मैलांत डाळिंबाचं झाड नव्हतं, म्हणजे तेल्याही नव्हता.

आमच्या घराण्यात पद्धत अशी की लेकीच्या घरी पहिली बाग लागणार असली तर रोपं माहेरची. माहेरच्या बाईनं लेकीची ओटी भरायची, खणानारळाबरोबर एक रोप तिच्या पदरात घालायचं, आणि ते तिनं आपल्या हातानं पहिल्या खड्ड्यात लावायचं. वैजूच्या थोरल्या जावेच्या माहेरानं विहिरीवर मोटार बसवून दिली होती. त्या मोटारीचा आवाज वैजूनं चार वर्षं ऐकला होता. आता आमची रोपं जायची होती. मुहूर्त दसऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याच दिवशीचा.

मी एकेक रोप उचलून बघत गेले. आदले चार दिवस परतीचा पाऊस झाला होता. एका कोपऱ्यात नेट फाटलं होतं, तिथून पाणी आत उडालं होतं, आणि त्याच कोपऱ्यातल्या अकरा रोपांवर ठिपके सापडले. विहिरीपलीकडची आईझाडं पान न् पान बघून आले. ती स्वच्छ होती. रोग बाहेरून आला होता, कुणाच्या तरी बागेवरून, वाऱ्यापावसात.

"अकराच हायत न्हवं?" हे म्हणाले. "काढ अकरा. बाकीची नेऊ."

"बटाटं हायत का, नासकं काढून चांगलं ठिवायला? समदी एका जाग्याला हुती, एका झारीनं पानी प्याली. दिसतंय ती अकरा. दिसत न्हाई ती किती, कुनाला ठावं?"

"म्हंजे तुलाबी ठावं न्हाई."

"न्हाई."

"मग?"

"म्हनूनच न्यायची न्हाईत."

यांनी कपाळाला हात लावला. जे ठाऊक नाही त्याची भीती कशाला, हे यांचं म्हणणं. जे ठाऊक नाही त्याचीच भीती, हे माझं. एवढ्या एका मुद्द्यावर आमचा संसार बावीस वर्षं भांडत-भांडत चालला होता.

कट्ट्यावर सासरे बसले होते. नारळाच्या शेंडीनं विळ्याचा गंज घासत होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. "काय झालं रं, उत्तम?" त्यांनी विचारलं.

"शालन म्हंती रोपं न्यायची न्हाईत."

नानांनी पान मागून घेतलं. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. "मला तर पानच धड दिसंना, ठिपका कुठला दिसतोय," ते म्हणाले. "आगं, दसरा हाय उद्या. फुडं ढकलता येतोय व्हय?"

"आठ दिस द्या, नाना. केंद्रात पान तपासाया देते. आज-उद्या त्यास्नी सुट्टी हाय. सायेब चांगलं म्हनले तर मी रोपं डोक्यावर घिऊन जाईन जतला."

"आन् न्हाई म्हनले तर?"

"तर फुडच्या मिरगात नव्या गुट्या बांधते."

"म्हंजे पोरीचं एक वरीस गेलं."

"वरीस गेलं, नाना. बाग तर ऱ्हायली."

"भावकी बोलावलीया त्यांनी. हलगी सांगितलीया. माझ्या लेकीच्या दारात मी हात हालवत जाऊ व्हय?" नानांनी विळा खाली ठेवला. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, आणि तीच पंचाईत होती. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

मी वैजूला फोन लावला.

"वैनी!" ती ओरडलीच. "डाळ निवडायला बसलीया बग. किती जनं येनार तुमी? सासूबाई दहांदा इचारत्यात."

मी सांगितलं. ठिपका सांगितला, अकरा रोपं सांगितली, फाटलेलं नेट सांगितलं. पलीकडे सूप आपटल्याचा आवाज थांबला.

"तूच म्हनलीस, आपल्यासारखी रोपं तालुक्यात न्हाईत."

"म्हनले हुते."

"समद्यास्नी सांगितलंय मी. जावेला तर दोनदा सांगितलंय."

"वैजू, तुझी जमीन सवाष्नीवानी स्वच्छ हाय गं. एकदा हे शिरलं की—"

"आई असती तर आसं केलं असतं व्हय गं वैनी?"

तुझ्या आईला तेल्या ठाऊक नव्हता, हे उत्तर माझ्याकडे होतं. मी फोन ठेवला.

दुपारच्या एसटीनं मी पान ओल्या कागदात गुंडाळून सांगोल्याला गेले. निदान औषधाच्या दुकानातला जाणता माणूस तरी बघेल, त्याचं तरी घरचे ऐकतील, अशी आशा. बाईच्या डोळ्यांवर विश्वास नसला तरी दुकानदाराच्या चष्म्यावर असतो. दुकानाला कुलूप होतं आणि कुलपाला झेंडूची माळ. दुसऱ्या दुकानाला नुसतं कुलूप. मी परत फिरले.

पाच वाजता वस्तीवर पोचले, तर शेडनेटमध्ये नाना.

मांडी मोडत नव्हती म्हणून ते पाटावर पाय पसरून बसले होते. शेजारी पाण्याची बादली, हातात जुन्या धोतराचा तुकडा. एक रोप पुढ्यात घ्यायचे, फडकं बादलीत बुडवून पिळायचे, आणि एकेक पान वरून-खालून पुसायचे. देवाचे टाक पुसतात तसे. पुसलेली रोपं त्यांनी ओळीनं लावली होती. तीनशेच्या तीनशे. उतरत्या उन्हात ती अशी चमकत होती की मीसुद्धा क्षणभर बघतच राहिले.

"ये, ये," नाना म्हणाले. "आता दाव ठिपका. उत्तमकडनं ठिपक्याची समदी पानं खुडून घेतली. आन् बाकीची म्या पुसली. लेकीच्या घरी जानारी रोपं, चिखलानं माखल्याली कशी द्यायाची?"

"नाना, हात बुडवलं हुतं का औषधात?"

"कशाला? आंगूळ झालीया की माझी."

बादलीत सकाळी विळे धुतले तेच पाणी होतं. फडकं एकच. आजारी अकरा रोपांवरून फिरलेलं तेच फडकं, त्याच पाण्यात बुडवून, उरलेल्या दोनशे एकोणनव्वद रोपांच्या पानापानावर फिरलं होतं. सकाळी मला थोडी आशा होती की काही रोपं वाचतील. ती आशा नानांनी तीन तास बसून, गुडघे दुखत असताना, स्वच्छ पुसून काढली होती.

मी ओरडले नाही. ओरडायला समोर कुणी वाईट माणूस लागतो. समोर एक बाप बसला होता आणि शाबासकीची वाट बघत होता.

"नाना," मी म्हणाले, "आता तर यातलं एकबी न्हेता याचं न्हाई."

"आगं, आता तर एकबी डाग न्हाई!"

यावर काय बोलणार? मी पुष्कळ बोलले. फडक्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. हे म्हणाले, "म्हंजे डाग हुता तवा रोग, आन् डाग न्हाई तवा जास्ती रोग. तुझं शास्त्र लई भारी हाय, शालन."  नानांनी फडकं पिळून तारेवर वाळत घातलं.

दसऱ्याच्या सकाळी उठून बघते तर रोपं टेम्पोत चढलेली आणि टेम्पोच्या नाकाला झेंडूचं तोरण. मी येणार नाही म्हणाले असते तरी रोपं गेलीच असती. मी खण घेतला, नारळ घेतला, गहू घेतले आणि पुढे बसले. वैजूला समोरासमोर सांगितलं तर ती ऐकेल, एवढंच मनात. तिनं माझं लहानपणी सगळं ऐकलं होतं. कडू काढेसुद्धा प्यायली होती.

गावात पोचलो तेव्हा हलगी वाजत होती. माळावर ओळीनं खड्डे खणलेले, प्रत्येकात शेणखत भरून तयार, पहिल्या खड्ड्याभोवती रांगोळी. वैजू हिरवं लुगडं नेसून धावत आली. माझ्या गळ्यातच पडली. "आनलीस बाई!" म्हणाली. "माझा तर जीव गेला हुता."

तिला मी स्वयंपाकघरात ओढलं.

"वैजू, रोपं मी आनली न्हाईत. ती आली. लावू नगंस."

तिचा चेहरा उतरत गेला. बाहेर तिची सासू हौसाबाई कुणाला तरी सांगत होती, "सुनेच्या म्हायेराची बाग हाय बाई, नुसती मोटार न्हाई." वैजूनं ते ऐकलं, मीही ऐकलं.

"वैनी, आज लावू दे. उद्या मी माझ्या हातानं समदी उपटीन. तुझी शप्पथ."

"मातीत पडली पानं, की मातीत ऱ्हातंय ते."

"मग एकच लावू. ओटीतलं एकच. लोकं बघत्यात गं. एकानं काय हुतंय?"

"एकानंच हुतंय, वैजू."

"एवढी कशी गं दगडाची तू?"

बाहेरून हाका आल्या. ती डोळे पुसून बाहेर गेली आणि रांगोळीपाशी पदर पसरून उभी राहिली. बायका जमल्या. मी तिला हळदकुंकू लावलं. पदरात गहू घातले, खण घातला, नारळ घातला. हलगीवाल्यानं जोर धरला. नाना टेम्पोतून सगळ्यांत टवटवीत रोप निवडून माझ्याजवळ घेऊन आले होते. त्यांनी ते पुढे केलं. मी हात पुढे केला नाही.

वैजूचा पदर तसाच पसरलेला. ती माझ्याकडे बघत होती.

"एवढंच?" हौसाबाईनं विचारलं.

"एवढंच, मावशी," मी म्हणाले. "रोपं रोगट हायत. तुमच्या मातीत नगा लावू. चूक माझी हाय, रोपवाटिका माझी हाय."

हलगी थांबली.

"रोगट रोपं घिऊन वटी भराया आलाय?"

"भराया न्हाई. सांगाया आले."

"मग फोन न्हवता व्हय?" हौसाबाई म्हणाली, आणि मागे कुणीतरी फसकन हसलं. मला वाटतं, थोरली जाऊच असावी. पण ते आता इतक्या वर्षांनी कशाला.

मी टेम्पोची फळी वर केली. अर्धी रोपं माणसांनी उतरवून ठेवली होती. ती परत चढवली. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. लेकीच्या दारातून ओटी माघारी निघाली की कुणी मध्ये पडत नाही, अपशकुन आपल्यावर यायचा. निघताना लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, सोन्यासारखं राहा म्हणत होते. आमच्या हातावर कुणी पान ठेवलं नाही. वैजू घरात गेली ती निरोपालाही बाहेर आली नाही.

परतीच्या वाटेवर हे एक शब्द बोलले नाहीत. गियर मात्र असा टाकत होते की टेम्पोच बोलत होता. मंगळवेढ्याचा फाटा आला तेव्हा नाना म्हणाले, "माझ्या हातानं पुसली हुती गं." बस, एवढंच.

दिवस कलायच्या आत मी विहिरीपासून लांब, बांधाच्या पलीकडे तुरकाट्या रचल्या. ओलं रोप जळत नाही, नुसतं धुमसतं. एकेक पिशवी फाडायची, माती झटकायची, रोप काट्यांवर टाकायचं. मुळ्या इतक्या चांगल्या धरल्या होत्या की झटकताना हात जड व्हायचा. पन्नासेक झाली असतील, तेव्हा हे येऊन शेजारी बसले आणि न बोलता पिशव्या फाडायला लागले. शेवटचं रोप टाकून झाल्यावर म्हणाले, "हातबी जाळू का आता?"

"बादलीत बुडवा," मी म्हणाले.

आठ दिवसांनी केंद्रातून निकाल आला. कागदात जपलेल्या पानावर तेल्याच होता. मी तो कागद घरात सगळ्यांना दाखवला. "म्हंजे अकरांवर हुता," हे म्हणाले. "ते तर तू पयलंच सांगितलंवतंस." अकरांचा निकाल हातात होता. बाकीच्यांचा मी जाळला होता.

वैजूच्या घरच्यांनी पुढच्या वर्षी दुसरीकडून रोपं आणली. बाग चांगली आली. रोग आला नाही. पण जे आलं नाही ते कुणाला काढून दाखवायचं? पूर आला तर माणूस म्हणतो बांध घातला म्हणून वाचलो. पूर आलाच नाही तर बांध घालणारा येडा. वैजू दिवाळीला यायची थांबली. राखीला हेच तिच्याकडे जाऊन यायचे, आणि परत आल्यावर तिनं काय केलं होतं जेवायला, एवढंच सांगायचे. दोन वर्षांनी नाना गेले. वैजू आली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मी चहाचा कप पुढे केला तर तो न घेता तिनं ताटातला दुसरा उचलला.

पाचव्या वर्षी भाद्रपदात तिचा फोन.

"येतीस का?"

"कवा?"

"उद्या."

"काय झालंय गं?"

"ये म्हनलं तर ये की. पत्रिका धाडू का?"

मी एसटीनं गेले. एकटीच. तिनं पाणी दिलं, आणि मी पुरतं प्यायच्या आत मला घराच्या मागे घेऊन गेली. तिथं न्हाणीचं पाणी जायचं, तिथं डाळिंबाचं एक झाड होतं. पुरुषाच्या डोक्याच्या वर गेलेलं. फळांनी वाकलेलं, लाल.

"कुठलं हे?" मी विचारलं.

"वळख की. त्या दिसाचं हाय. तू टेम्पो भरत हुतीस तवा एक वढून न्हाणीत लपवलं. सासूलाबी म्हायेरचं म्हनून न्हाई सांगितलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वैजू! बाग हाकेवर हाय तुझी! चारशे झाडं!"

"व्हय. लावल्यापासनं हाकेवरच हाय."

मी तिच्याशी बोलतच बसले नाही. खालची फांदी धरली आणि पानं बघायला लागले. एक पान, उन्हाकडे. दुसरं. तिसरं. फांद्यांची पेरं चाचपली. फळं फिरवून फिरवून बघितली. वैजूनं घरातून स्टूल आणून ठेवलं. "बस, सावकाश बग," म्हणाली. हौसाबाई काठी टेकत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि "पावनी झाडाच्या उवा काढती व्हय?" विचारून परत गेली.

साठ-सत्तर पानं झाली असतील, तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करतेय ते. एवढी वर्षं पान उन्हाकडे धरलं की मी मनात म्हणायची, नको दिसू बाबा, नको दिसू. त्या दिवशी मी म्हणत होते, दिस. एक तरी दिस. जिच्या वेण्या घातल्या त्या पोरीच्या दारातल्या, फळांनी लगडलेल्या झाडात मी रोग शोधत होते. आणि तो सापडत नव्हता म्हणून मला रडू येत होतं.

मी फांदी सोडली आणि स्टुलावर बसले.

वैजूनं एक फळ तोडलं, पायरीवर बसून फोडलं, आणि दाणे वाटीत काढत राहिली. पांढरा पापुद्रा राहू दिला नाही एकही. वाटी भरल्यावर चमचा घालून माझ्या हातात दिली. मी खाल्लं. गोड होतं. आमच्या आईझाडांचीच चव.

"बोल की काईतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. पाच वर्सं थांबलीया मी."

"एक झाड निरोगी निघालं म्हंजे समदीच—"

"ठावं हाय. तुझं समदं शास्त्र ठावं हाय मला, दादानं सांगितलंय. नानांनी पुसल्यालंबी सांगितलंय. भांडाया न्हाई बोलावलं तुला." ती नखानं पायरीवरचा डाग खरवडत राहिली. "वरच्या अंगाला अर्धा एकर मोकळा हाय. ह्या झाडाच्या गुट्या बांधून दे. नानांचा हात लागल्यालं झाड हाय, वैनी. पयली बाग ऱ्हायली तर ऱ्हायली. ही तर म्हायेरची हू दे."

मी चमचा भरला, तोंडाकडे नेला, परत वाटीत ठेवला. एक 'हो' म्हणायचं होतं. घरी जाऊन हे खूश झाले असते, दिवाळीला वैजू आली असती. झाडाकडे बघितलं. एकटं, कोरड्या हवेतलं, अगदी लागून दुसरं झाड नाही. वर स्वच्छ होतं. आत काय निजलं असेल ते मला ठाऊक नव्हतं. एखाद्या परक्या माणसानं अशा रोगट खेपेतल्या झाडाच्या गुट्या मागितल्या असत्या तर मी काय सांगितलं असतं?

"न्हाई," मी म्हणाले.

वैजू माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आगं बया बया! मला वाटलं हुतं, आज तरी माफी मागशील. माफी ऱ्हायली बाजूला, परत न्हाईच!"

"झाड ऱ्हाऊ दे. फळं खा. पन गुटी ह्याची न्हाई. फुडच्या मिरगात माझ्या झाडांच्या बांधते. अर्ध्या एकराला पुरतील येवढ्या."

"आन् त्यावर ठिपका निघाला तर?"

"तर तीबी जाळीन."

"माझ्या दारातनं माघारी नेऊन?"

"दारातनं माघारी नेऊन."

तिनं माझ्या हातातली वाटी ओढून घेतली, आत किती उरलंय ते बघितलं, आणि परत माझ्या हातात कोंबली.

"संपीव तरी," ती म्हणाली. "का ह्यालाबी न्हाईच?"

मी चमचा बाजूला ठेवला आणि वाटी सरळ तोंडाला लावली.